बॉयलरची रुई

बायकोच्या पुण्यानुमोदनाला विहारात एका गृहस्थानं भाषण केलं. ताईंचं दीर्घ आजारानं निधन झालं, असं तो म्हणाला. अंगात कोट, हातात माईक, आणि हे वाक्य त्यानं दोनदा म्हटलं. मी समोरच सतरंजीवर बसलो होतो. दीर्घ आजार नावाचा आजार कोणत्या दवाखान्यात पाहायला मिळतो ते मला कोणी सांगावं. पडसंही दीर्घ असतं. त्याला खरं नाव माहीत नव्हतं असंही नाही. आदल्या दिवशी मीच सांगितलं होतं, चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. तो म्हणाला, "बाबा, अशा टायमाले ते बरं नाही दिसत." म्हणजे मेलेल्या बाईला काय झालं होतं हे सांगितलेलं वाईट दिसतं, आणि मोघम थाप मारलेली बरी दिसते.

म्हणून मीच लिहून ठेवतो. माझी शाळा चौथीपर्यंत. मुलगी मास्तरीण आहे, ती म्हणाली, मी तपासून देते. मी दिलं नाही. तिनं चुका काढल्या असत्या आणि त्यांच्यासोबत अर्धा मजकूरही काढला असता.

बायकोला दम लागायला लागला तो उन्हाळ्यात. आमचं घर खामगावात, नळ घरापासून चार घरं पुढं. दोन कळशा आणताना ती मध्ये थांबायला लागली. जी बाई डोक्यावर गव्हाचा डबा घेऊन चक्कीवर जायची, तिथं उभ्या उभ्या दोघीतिघींना बोलून यायची, ती आता दाराची चौकट धरून उभी. मी म्हटलं, वय झालं. हे पहिलं शहाणपण माझंच. दुसऱ्यांवर तोंड टाकण्याआधी आपलं लिहिलेलं बरं.

मग आमच्या गल्लीजवळच्या डॉक्टरकडे गेलो. त्यानं छातीचा फोटो काढायला लावला. डाव्या बाजूला पाणी भरलेलं होतं.

"पाणी म्हणजे टीबी," डॉक्टर म्हणाला. "आपल्या भागात दुसरं काही राहत नाही."

सुई टाकून पाणी काढलं. दोन बाटल्या भरल्या, रंग गुळाच्या पाण्यासारखा. थुंकी तपासली, त्यात जंतू नाही. पाणी तपासलं, त्यातही नाही. मी विचारलं, "जंतू नाही तं मंग टीबी कायचा?"

"लपलेला असते बाबा तो."

लपलेल्याला शोधायचं सोडून तिला गोळ्या सुरू केल्या. रोज सकाळी मूठभर. लघवी लाल व्हायला लागली, जेवणाची वासना गेली, आणि पाणी तीन आठवड्यांत पुन्हा भरलं. डॉक्टर म्हणाला, औषध काम करून राह्यलं, वेळ लागते. औषध काम करत होतं म्हणे. मला तर फक्त बायको बारीक होताना दिसत होती.

टीबी म्हटल्यावर गल्लीनं जे केलं ते गल्लीला शोभेल असंच केलं. शेजारी माझ्या भावाची बायको राहते, म्हणजे हिची जाऊ. तीस-चाळीस वर्षं दोघी दुपारी आमच्याच ओट्यावर चहा प्यायल्या. जाऊबाई म्हणाल्या, मले पित्त झालं, चहा सोडला. दोन दिवसांनी मी त्यांना समोरच्या घरी बशीत ओतून चहा पिताना पाहिलं. पित्त रस्ता ओलांडून गेलं नव्हतं वाटतं. पुतणीचं लग्न निघालं. पत्रिका आली, पण पत्रिका देणारा दारातूनच म्हणाला, काकूले दगदग नको. हिनं पत्रिका हातात घेतली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि खाटेवर ठेवून दिली.

त्या दिवशी ती मला म्हणाली, "मले टीबी नाही."

"तुले काय माहीत?"

"माझ्या मायले होता. मी तिचं सारं केलं. तो असा नसते. त्यात ताप येते, खोकला येते. मले खोकला कुठी हाये? मले फकत कोणी छातीवर पाटा ठेवला असं वाटते." मग म्हणाली, "मले काय झालं ते तुम्ही मले सांगजा. हे सारे लपवतीन. तुम्ही नका लपवू."

मी हाव म्हटलं. हाव म्हणायला काय लागतं. पण तिनं माझ्याकडून आयुष्यात दोनचार गोष्टीच मागितल्या होत्या, ही त्यातली एक. तेवढ्यासाठी मी पुढचं सगळं केलं.

मुलीनं सुट्टी काढली आणि आम्ही अकोल्याला छातीच्या डॉक्टरकडे गेलो. त्याच्याकडे एसी होता, मासे पोहायची काचेची पेटी होती. त्यानं मोठ्या मशीनचा फोटो काढायला लावला आणि म्हणाला, फुप्फुसाच्या भोवतीचा पडदा जाड झालाय. मग एक कागद घेऊन प्रश्न विचारायला लागला. तंबाखू? नाही. बिडी? हिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं मान खाली घालून पुढचा प्रश्न वाचला. चूल? होती, पहिले. काम काय करत होत्या? मुलगी म्हणाली, गृहिणी. तिथं त्यानं एक रेघ ओढली. म्हणजे घरी बसलेल्या बाईला धूळ लागत नाही.

मग माझ्याकडे वळला. "तुम्ही काय करत होता काका?"

"तेलाच्या मिलमध्ये होतो. बॉयलरवर, पायपाच्या कामाले."

"धूळ असायची?"

"भरपूर. रुईची."

त्यानं लिहिलं. मुलीनं वरून वाचलं, इंग्रजीत कॉटन लिहिलं होतं. डॉक्टर म्हणाला, कापसाच्या धुळीनं दमा होतो, हे असं होत नाही, आणि झालाच तर तुम्हाला व्हायला पाहिजे होता, यांना नाही. मला ते पटलं. खामगावात रुई म्हटलं की कापूसच. गाढवालाही तेच कळेल. त्यानं आम्हाला नागपूरला पाठवलं.

नागपूरचा दवाखाना मोठा. मोठ्या दवाखान्यात माणूस लहान होतो. सकाळी मोठा डॉक्टर यायचा, मागे दहाबारा पोरं-पोरी वह्या घेऊन. हिच्या खाटेपाशी उभं राहून तो इंग्रजीत बोलायचा, पोरं माना हलवायची, आणि सगळी वरात पुढं. हिनं एकदा विचारलं, "साहेब, काय म्हणाले?" तो म्हणाला, "छान, छान." छान काय होतं ते त्यालाच माहीत.

बरगड्यांमधून सुई घालून पडद्याचा तुकडा काढला. आठ दिवसांनी अहवाल आला. नुसती सूज आहे, नक्की काही सांगता येत नाही. मोठा डॉक्टर म्हणाला, घरी जा, टीबीच्या गोळ्या पुढं चालू ठेवा, दोन महिन्यांनी दाखवा.

मी पिशवी भरायला लागलो. ही खाटेवर मांडी घालून बसली.

"मी नाही येत."

"आई, गाडी आहे साडेतीनची," मुलगी म्हणाली.

"गाडी जाऊ दे. आठ दिवस झाले, मांस काढलं माह्यं. नाव सांगल्याशिवाय मी उतरत नाही."

सिस्टर आली, वॉर्डातला शिपाईमामा आला, समजावून गेले. ही हलली नाही. शेवटी त्या पोरांपैकी एक डॉक्टरीण आली, सुट्टीचा कागद भरायला. बारीक अंगाची, केसांना साधा रबर, बोलणं आमच्या मुलखाचं. मी विचारलं, तर देऊळगाव राजाकडची निघाली, शेतकऱ्याघरची. तिनं कागद भरायचा म्हणून खुर्ची ओढली आणि सगळे प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारले. माझा राग तिच्या कागदावर काढायचा म्हणून मीही सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"बॉयलरवर काय करत होते बाबा तुम्ही?"

"वाफेच्या पायपाले रुई गुंडाळत होतो. जुनी झाली की हातोड्यानं फोडून काढायची, नवी लावायची."

तिचा पेन थांबला. "पायपाले रुई?"

"हाव."

"वाफेच्या?"

"हाव. उकळत्या पायपाले. नाहीतं वाफ थंड होते, अन् हात लागला तं माणसाची कातडी निघते."

"मंग ती पेट नाही घेत? आमच्या घरी एकदा कापसाच्या गंजीले ठिणगी लागली होती. सारी रात्रभर जळत होती. तुमची रुई बॉयलरवर कशी टिके?"

मी तिला हसलो. डॉक्टर झाली आणि एवढं कळेना. "ती कापसाची नसते. बॉयलरची रुई वेगळी. दगडाची. पांढरी पांढरी, बोऱ्यात, पोत्यात भरून येते. विस्तवात टाकली तरी जळत नाही. आम्ही तिले रुईच म्हणत होतो. दिसतेच तशी."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग विचारलं, "कपडे कोण धुवे तुमचे?"

मी बायकोकडे बोट केलं.

"नुसते धुवे का, पहिले झटके?"

ही खाटेवरून म्हणाली, "झटकल्याशिवाय कशी धुवीन? पिठाच्या चक्कीतून आल्यासारखा येत होता हा माणूस. दारात उभी राहून शर्ट-पँट झाडायची, मंगच बादलीत. नाहीतं सारं पाणी पांढरं होये."

डॉक्टरीण उठली आणि सुट्टीचा कागद घेऊन निघून गेली. तासाभरानं मोठा डॉक्टर एकटा आला, मागे वरात नाही, आणि या वेळी मराठीत बोलला. म्हणाला, अजून एक तपासणी करू, बरगड्यांमधून दुर्बीण घालून नीट डोळ्यानं पाहून तुकडा घेऊ. चाळीस वर्षं मी तोंडानं रुई रुई म्हणत होतो. मिलमधल्या कोणी आम्हाला दुसरा शब्द शिकवला नाही. मॅनेजरच्या वहीत त्याचं खरं नाव असणारच, त्याशिवाय माल मागवता कसा आला असता. पण वही मॅनेजरकडे आणि धूळ आमच्याकडे, अशी वाटणी होती. आणि मी असा अक्कलवान, की एका डॉक्टरला रुई सांगून घरी आलो, आणि ती कोणती रुई हे सांगायचं असतं हे मला सुचलं नाही.

या वेळी तुकडा ठेवलेल्या काचपट्ट्या आणखी कुठंकुठं पाठवल्या. उत्तर यायला बरेच दिवस लागले. उत्तर आलं तेव्हा मोठ्या डॉक्टरनं मला आणि मुलीला खोलीत बोलावलं. नाव सांगितलं, मेसोथेलिओमा. मी ते चार वेळा म्हणवून घेतलं. फुप्फुसाला बाहेरून जे अस्तर असतं त्याचा कॅन्सर. फार कमी लोकांना होतो. त्या दगडाच्या रुईचे, म्हणजे ॲसबेस्टॉसचे, बारीक तंतू श्वासात जातात, तिथं रुततात आणि तीस-चाळीस वर्षं काही करत नाहीत. मग करतात. बरा होत नाही. औषधानं थोडे दिवस वाढतील.

"पेशंटला सांगू नका," तो म्हणाला. "धीर सुटतो."

मुलगीही म्हणाली, "नका सांगू बाबा. अन् कपड्यांचं तर बिलकुल नका सांगू. तुमची चूक नाही त्यात."

माझी चूक नाही, हे मला त्यानंतर इतक्या लोकांनी सांगितलं की मला त्या वाक्याची शिसारी आली. चूक नव्हती हे मलाही कळतं. पण धूळ आली ती माझ्याच शर्टावर आली, दुसऱ्या कोणाच्या नाही. ती आळशी बाई असती, कपडे तसेच बादलीत कोंबणारी, तर वाचली असती. नीटनेटकी होती म्हणून मेली. आता याचं काय करायचं ते सांगणाऱ्यांनी सांगावं.

मी वॉर्डात गेलो. ती उशीला टेकून बसली होती.

"टीबी नाही," मी म्हटलं.

"मंग?"

"कॅन्सर. फुप्फुसाच्या अस्तराचा."

अस्तर तिला लगेच कळलं. जन्मभर गोधड्या शिवल्या तिनं. "बरा होते?"

"नाही म्हणतात."

तिनं अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "जाऊबाईले फोन लावा."

मी लावला. ही फोनमध्ये म्हणाली, "बाई, मले टीबी नाही, कॅन्सर निघाला. तो लागत नाही कोणाले. मी घरी आली का चहा प्यायले ये. पित्त असलं तरी ये."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. हिनं फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "घ्या, आता तिले समजवा."

अर्धं सांगून झालं होतं. उरलेलं अर्धं, कपड्यांचं, माझ्या तोंडून निघेना. गाडीत निघेना, घरी आल्यावर निघेना. जाऊबाई चहाला यायला लागल्या, रोज रडायच्या आणि रोज दोन कप प्यायच्या. दवाखान्याचं औषध सुरू होतं, हिचे केस पातळ झाले. मी दुसऱ्यांना लपवणारे म्हणून नावं ठेवत होतो आणि स्वतः महिनाभर लपवत होतो. शेवटी एका दुपारी ती ओट्यावर बसली असताना मी खाली पायरीवर बसलो आणि सांगून टाकलं. वर पाहिलं नाही.

ती ओट्याच्या कडेपर्यंत सरकली. मग म्हणाली, "ते पांढरं?"

"हाव."

"मले वाटलंच. ती पोरगी कपड्यांचं विचारे तवाच वाटलं. तुम्ही सांगता का नाही ते पाहून राह्यली होती."

म्हणजे महिनाभर ती माझी परीक्षा घेत बसली होती. मी म्हटलं, "मंग शिव्या दे."

"तुमाले शिव्या मी रोजच देते. ह्याच्यासाठी वेगळ्या कुठून आणू?" मग तिनं विचारलं, "तुमचा उंद्रीवाला दोस्त हाये ना, पायपावरचा. त्याची बायको कायनं गेली?"

तो उंद्रीचा माणूस माझ्यासोबत पंधरा वर्षं पायपावर होता. मिल बंद पडल्यावर गावी गेला. त्याची बायको पुढं तिथंच वारली.

"टीबीनं," मी म्हटलं, आणि म्हणतानाच थांबलो.

"पाणी व्हायचं ना तिले? मी पाहायले गेली होती." ती म्हणाली. "अन् मिल बंद झाली तवा त्यानं रुईच्या रिकाम्या बोऱ्या नेल्या होत्या, गाडीभर. तुम्ही पण आणत होते, मी नाही म्हटलं म्हणून राह्यल्या. त्याच्या घरी सून हाये, लेकरं हायेत. जा, सांगून या त्याले."

मी दुसऱ्या दिवशी एसटीनं उंद्रीला गेलो. तो गोठ्यापाशी बसला होता. मला पाहून खूश झाला. "काय बे बुढ्या, जिवंत हायेस काय अजून?" सुनेला चहा सांगितला. मी चहा यायच्या आत सगळं बोलून गेलो. बोऱ्या, रुई, कॅन्सर, त्याची बायको.

त्याचं तोंड उतरलं. "माह्यी बायको टीबीनं गेली. डाक्टरनं सांगलं मले."

"डाक्टरनं मलेही तेच सांगलं होतं."

"मंग तुह्यं तुह्यापाशी. दहा वर्षं झाली तिले. आता कायले खोदून राह्यला?"

"तुह्या शर्टानं गेली ती," मी म्हटलं. "जशी माह्या शर्टानं माह्यी जाऊन राह्यली."

तो उठून गोठ्याच्या मागे गेला. सून चहा घेऊन आली, दोन कप. मी दोन्ही तसेच ठेवून बस पकडली.

घरी येऊन हिला सांगितलं. ती चिडली. खोकला नव्हता तिला कधी, पण त्या दिवशी बोलता बोलता दम तुटला. "सांगायले गेले होते का मारायले? त्याची बायको तं गेली. सुनेचं, लेकरांचं सांगायचं होतं. तुमचं ओझं त्याच्या डोक्यावर टाकून आले." तिचं खरं होतं. मला एकट्याला ते वाहवत नव्हतं, म्हणून मी जोडीदार शोधायला गेलो होतो.

पंधराएक दिवसांनी तो स्वतः आला. माझ्याशी बोलला नाही. सरळ आत गेला, हिच्या खाटेपाशी खाली बसला.

"वैनी," तो म्हणाला, "सुरुवातीले कसं होये तुमाले?"

"डाव्या कुशीवर झोपता येत नव्हतं. छातीवर पाटा ठेवल्यासारखं."

तो फरशीकडे पाहत राहिला. "तिलेही. ती पाटाच म्हणे." मग टोपी काढून तोंड पुसलं. "बोऱ्या हायेत घरी. माळ्यावर. कांदे राहतात त्याईच्यावर. जाळू का?"

"त्यातली रुई जळते काय, भाऊजी," ही म्हणाली, आणि दोघंही थोडे हसले. मी दारात उभा होतो, मला कोणी त्यात घेतलं नाही. मग तिनं त्याला नीट सांगितलं. मुलीकडून त्या देऊळगाव राजाच्या डॉक्टरीणबाईला फोन करवून तिनं हे सगळं विचारून ठेवलं होतं, मला न सांगता. लेकरांले घराबाहेर पाठवा. तोंडाले ओलं फडकं बांधा. पहिले बोऱ्यांवर पाणी मारा, चांगल्या निथळू द्या. ओढू नका, झटकू नका, झाडू फिरवू नका. प्लास्टिकमध्ये बांधून वावराच्या कोपऱ्यात खोल पुरा. अंगावरचे कपडेही त्यातच टाका. ते सुनेले धुवायले देऊ नका.

तो प्रत्येक वाक्याला हाव म्हणत होता, शाळेत बसल्यासारखा.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. मी उचलला.

"वैनीले दे," तो म्हणाला.

मी फोन तिच्या कानाशी धरला. आता तिच्या हाताला फोन पेलवत नव्हता. तो पलीकडून बराच वेळ सांगत होता, कुठं खड्डा केला, किती खोल, पाणी किती मारलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं झोप लागली. मग ती म्हणाली,

"अन् शर्ट?"

त्यानं काहीतरी सांगितलं.

"बरं केलं," ती म्हणाली. "आता आंघोळ करा भाऊजी, डोक्यावरून."